खिडकीतले कांदे

सत्काराच्या कागदावर सगळं टाइप होऊन आलंय:
डॉ. वत्सला गायधनी, पेशीविज्ञान,
एक्केचाळीस शोधनिबंध, तीन पदकं,
जर्मनीतली दोन वर्षं,
आणि शेवटी, ‘नाशिकची शान’.
गंगापूर रोडच्या सभागृहात निवेदकाने
ते एका दमात वाचलं, मग पाणी प्यायला.
मला पाच मिनिटं दिलीत.
मी बाटल्या धुणारा माणूस. चौतीस वर्षं.

कांद्यांचं तेवढं सांगू शकतो.

दर सोमवारी माझा मेव्हणा लासलगावहून आणायचा,
सुपारीपेक्षा थोडे मोठे. सुकी मुळं खरवडून
बाटलीच्या तोंडावर ठेवायचे,
बूड पाण्याला जेमतेम टेकेल असे.
पूर्वेच्या खिडकीत चाळीस बाटल्या.
बाहेर भाव पडो की चढो,
बाईंचा कांदा कधी फोडणीत गेला नाही.
एकदाच गेला. ऑडिटर आले होते, मी भजी केली.
बाईंनी वहीत लिहिलं:
नमुने बावीस ते एकोणतीस, नष्ट. कारण: आदरातिथ्य.

सकाळी आठच्या आत मुळीचं टोक कापायचं.
‘आत्ता कामावर असतात त्या,’ म्हणायच्या,
जणू पेशी नव्हेत, प्रेसमधली पहिली पाळी.
वडील त्यांचे नोटांच्या छापखान्यात, नाशिकरोडला.
भिंग लावून चुकलेली नोट हुडकायचे,
शाई सरकलेली, आकडा दोनदा उठलेला.
‘मीही तेच करते, निवृत्तीभाऊ.
माझ्या नोटा फक्त स्वतःच स्वतःला छापतात.’

काचपट्टीवर टोक, लाल रंगाचा थेंब,
वर पातळ काच, टिपकागद, आणि अंगठा.
सरळ खाली. घसरला की आठवडा गेला.
तो अंगठा बाईंचा कायम लाल.
मतदानाला गेल्या तेव्हा केंद्रावरचे मास्तर म्हणाले,
तुमचं झालेलं दिसतंय.

शहाण्णव साली, दिवे गेलेले असताना,
आरशावर ऊन धरून त्यांनी मला दाखवलं.
मधल्या रेषेवर पंधरा गुणसूत्रं, ओळीने.
सोळावं कडेला, एकटं,
त्याची दोरी अजून त्याला सापडली नव्हती.
मेलेली पेशी, रंगात बुडलेली.
तरी बाईंना तिचं थांबणं दिसलं.
‘ही फुटली नाही. का नाही फुटली?
तिला कोण सांगतं, अजून एक यायचंय?’

मला वाटलं, जेवणाची वेळ झाली.
त्यांनी त्या प्रश्नाला एकोणीस वर्षं दिली.

दर दहा मिनिटांनी मुळ्या कापायच्या, रात्रभर.
गजराचं घड्याळ माझ्या उशाशी.
हातातल्या मोजयंत्राची टिकटिक,
दोन लाख अकरा हजार पेशी,
त्यातल्या थांबलेल्या किती, आणि किती वेळ.
निबंध तीनदा परत आला.
तिसऱ्या वेळच्या पत्रात काय होतं विचारलं,
तर हसल्या. ‘लिहिलंय, कांद्यावर?’
चौथ्यांदा छापला. मग जर्मनी वगैरे,
ते कागदावर आहेच.

कागदावर नाही ते एवढंच:
त्या निबंधाच्या तळाशी, बारीक टाइपात,
आभार होते. त्यात माझं नाव चुकलं.
दराडेचं दरडे झालं.
मी म्हटलं, राहू द्या बाई, कोण वाचतंय.
त्यांनी पत्र लिहिलं. मग दुसरं. मग तिसरं.
आठ महिन्यांनी मासिकात एक ओळ आली,
दुरुस्ती, पान अमुक, दराडे असे वाचावे.
ती त्यांच्या एक्केचाळीसांत धरत नाहीत.
माझ्याकडे काचेत आहे, देवांच्या शेजारी.

निवेदक घड्याळ दाखवतोय.
पहिल्या रांगेतून बाईंनी हात वर केला,
लाल अंगठ्याचा, त्याच्याकडे न बघताच:
थांबा, त्यांचं अजून एक राहिलंय.
सगळं सभागृह थांबलं.
आणि मला नेमकं काहीच आठवेना.

म्हटलं, पाणी तेवढं रोज बदलायचं असतं.